ती साल, ते साल

केळावरून निघते ती साल.
भिंतीवरून उतरतं ते साल.
शाळेत बाईंनी एवढंच सांगितलं
आणि हात झटकले खडूचे.

निंभोऱ्याच्या पॅकिंगघरात मी खोके मोजतो.
तेरा किलोचा एक खोका, वर फोम, आत फण्या,
शर्टाला चीक, जो कुठल्याच साबणाला ऐकत नाही.
मंजूर ट्रक घेऊन येतो थेट श्रीनगरहून.
म्हणाला, पुतण्याकडे साल आहे, ये.
मी विचारलं, कोणतं साल?
तो म्हणाला, मटणाचं.
त्यांच्यात साल म्हणजे जेवणावळ,
एका थाळ्याभोवती चौघं बसतात.
मी गेलो नाही. सुटी कोण देतो?

थंड खोलीचं यंत्र बसवायला
कोरियाचा एक पोरगा आला होता, मिन-हो.
वय विचारलं तर बोटं नाचवत म्हणाला,
सोरुन-हान साल.
एकतीस.
मग स्वतःचा दंड चिमटीत धरला. मांस. हेही साल.
मी केळं सोलून दाखवलं.
मग कॅलेंडरवर बोट ठेवलं.
दुभाषा चहाला गेला होता,
आम्ही दोघं येड्यासारखे हसत बसलो
त्या चार सालांमध्ये.

सावद्याच्या वाचनालयात जाऊन पाहिलं मग.
सोललेली साल आपली जुनी, संस्कृतातल्या छल्लीपासून,
घासत घासत छ चा स झालेली.
भिंतीवरचं साल फारशी, बऱ्हाणपूरच्या वेशीतून
महसुलाच्या वहीत बसून आलेलं.
नाव एक, नातं काही नाही,
जसे आमच्या गावात तीन सुपडू.
स्पॅनिश लोक मिठाला साल म्हणतात,
आणि पगाराचा इंग्रजी शब्द
म्हणे मिठातूनच निघाला.
हे मी बापाला सांगितलं नाही.
त्याच्या ठरावात मीठ होतंच:
दोन पोती ज्वारी, धोतरजोडी, एक घोंगडी,
मीठ-मिरची मालकाची.

कारण आमच्या घरातलं साल वेगळं.
ते आखाजीला ओट्यावर ठरतं.
ते धरतात. ते भरतं.
मधेच कुणी निघून गेला तर
ते मोडतं, आणि गावभर कळतं
की सुपडू तडव्यानं साल मोडलं.

परवा पेन्शनचा अर्ज भरायला गेलो.
कारकुनानं विचारलं, बाबा, वय?
जन्माचा दाखला नाही. बाप सांगू लागला,
भिरूडाकडं सोळा सालं,
फालकाकडं चौदा, वारक्याकडं बावीस.
पयलं धरलं तवा बैलाच्या शिंगाला
हात पुरत नव्हता.
बारा वर्षांचा धरू, कारकून म्हणाला.
बेरीज केली. चौसष्ट.
पासष्ट लागतात.

बाप जरा वेळ चूप.
मग माझ्याकडं हात करून म्हणाला,
मधात एक साल मोडलं होतं.
हा झाला तवा. याची माय लई आजारी होती.
घरीच होतो. कोन्हाचाच नव्हतो.

कारकुनानं पेन टेबलावर ठेवला.
मोडलेलं धरता येतं का,
हे त्याच्या कुठल्या कागदात नसावं.
मी नेलेल्या फणीतलं एक केळं त्यानं तोडलं,
सोललं, खिडकीबाहेर बघत हळूहळू खाल्लं,
आणि हातात उरलेलं कुठं टाकावं
म्हणून टेबलाखाली वाकून पाहू लागला.

बाप उठला. तळवा पुढं केला.
द्या इकडं साल, म्हणाला.
घरी शेळी आहे.